हूं की चूं न करता

प्रसूतिकक्षाच्या दाराशी चपला ठेवायला एक लाकडी मांडणी होती, आणि तिच्या सगळ्यांत खालच्या कप्प्यात सोबतीणबाईंच्या चपला गेली सात वर्षं रोज सकाळी साडेसातला येऊन बसत. त्या दिवशीही बसल्या. बाईंनी कोपरापर्यंत हात धुतले, नखं उलटसुलट करून पाहिली, केस घट्ट बांधले, गळ्यातलं ओळखपत्र झग्याच्या आत सारलं आणि आत पाऊल टाकलं. त्या परिचारिका नव्हत्या, सुईणही नव्हत्या. नाडी बघणं, सुई टोचणं, बाळ हातात झेलणं यातलं काहीच त्यांच्या वाट्याला येत नसे. कळा सुरू झाल्यापासून मूल कुशीत येईपर्यंत बाळंतिणीजवळ बसायचं, तिची कंबर दाबायची, सुकलेले ओठ ओले करायचे, तिच्या श्वासाबरोबर आपला श्वास चालवायचा आणि ती एकटी नाही हे तिला पुन्हापुन्हा पटवत राहायचं, एवढंच त्यांचं काम. ऐकायला एवढंसं, करायला अख्खं माणूस लागतं.

"आल्या बघा तोंडाला कुलूप लावणाऱ्या," फरशी पुसता पुसता आयाबाई म्हणाल्या. "आज कोणाची पाळी?"

"तीन नंबर."

"मग आज निम्मं तरी डोकं शाबूत राहील माझं. दोन नंबरची पहाटेपासून भोंगा झालीय नुसती."

बाई हसल्या. ही थट्टा त्यांना आवडत असे, हे त्यांना नंतर आठवणार होतं.

त्या कक्षात ओरडणाऱ्या बाईला काय ऐकावं लागतं, ते तिथे बाळंत झालेली कोणीही सांगू शकेल. सांगत मात्र कोणी नाही. 'नवऱ्याजवळ गेलीस तेव्हा नाही का ओरडलीस?' 'जगात तुला एकटीलाच मूल होतंय का?' 'गप बस, नाहीतर जाते मी इथेच सोडून.' कधी मांडीवर चापट बसते, कधी तोंडावर हात. घरी जाताना बाई बाळाला दुपट्यात गुंडाळते आणि हे सारंही त्यातच कुठेतरी गुंडाळून ठेवते. सोबतीणबाईंना एकोणीस वर्षांपूर्वी अशाच एका खोलीत मुलगा झाला होता. त्यांच्या गालावर बसलेल्या चापटीचा आवाज मुलाच्या पहिल्या रडण्याच्या आधीचा होता, आणि इतक्या वर्षांनंतरही तो त्यांना त्याच क्रमानं ऐकू येई.

म्हणून त्या इथे आल्या होत्या. कळा देणाऱ्या बाईजवळ बाहेरचं माणूस बसू द्यावं, यासाठी त्यांनी दोन वर्षं अर्ज केले, उंबरे झिजवले. परवानगी मिळाली ती दोन अटींवर: उपचारांबद्दल अवाक्षर काढायचं नाही, आणि सोबतीमुळे कक्षात गोंगाट वाढता कामा नये. पहिली अट त्यांनी निमूट गिळली. दुसरीतून मात्र त्यांनी एक कसब उभं केलं. कळ चढू लागली की अंगठा तळहातात मिटायचा, ओठ मिटायचे, आणि जी किंकाळी फुटू पाहते ती हुंकार करून घशाखाली, छातीखाली, पार ओटीपर्यंत उतरवायची. बाया हे शिकल्या. बाईंच्या बायांना कोणी मारेना, कोणी बोलेना. जाता येता सिस्टर कौतुकानं म्हणत, "तुमचं गिऱ्हाईक म्हणजे खाटेवर आहे की नाही, वाकून बघावं लागतं." गप्प बाईला मार बसत नाही, हे सोबतीणबाईंना उमगलं होतं. गप्प बाईकडे कोणी वळूनही पाहत नाही, हे उमगायचं राहिलं होतं.

तीन नंबरच्या खाटेवरची बाई कपड्यांच्या कारखान्यात काजं पाडण्याच्या यंत्रावर बसायची. कारखान्यात आणि घरात सगळे तिला काजेवालीच म्हणत. सातव्या महिन्यात बाई पहिल्यांदा तिच्या घरी गेल्या, तेव्हा चार मजले चढून त्यांना धाप लागली होती आणि ती दारातच हसत उभी होती.

"मावशी, नवरा लिफ्ट दुरुस्त करतो आणि बायको जिने चढते. असं आमचं नशीब."

"आपल्या इमारतीला लिफ्टच नाही, तर मी दुरुस्त काय करू?" आतून नवरा म्हणाला. चार वर्षांची एक मुलगी त्याच्या हत्यारांच्या पेटीवर घोडा करून बसली होती.

दोन खोल्यांचं घर. खिडकीपाशी इस्त्रीच्या कपड्यांची चळत, भिंतीला लागून एक बाक, बाकावर सासूबाई, आणि जमिनीवर बसून शेंगा सोलणारी, नुकतंच लग्न झालेली नणंद, घरातली धाकटी. सासूबाईंनी पाणी द्यायला सांगितलं आणि मुद्द्यालाच हात घातला.

"हिला गप्प राहायला शिकवा तेवढं. मागच्या खेपेला हिनं अख्खा मजला डोक्यावर घेतला होता. बाहेर बाकावर बसलेली माणसं माझ्याकडे बघत होती. कुठं तोंड लपवू असं झालं मला. आणि ओरडून ओरडून दम संपला, म्हणून शेवटी पोट फाडावं लागलं."

"पोर आडवी होती म्हणून फाडलं, आई," काजेवाली म्हणाली.

"आडवी कशानं झाली? तुझ्या ओरडण्यानं."

धाकटी फिस्सकन हसली. नवराही हसला. "सोबतीणबाई, ही गप्प राहिली ना, तर तुमचा फोटो लावीन घरात."

ओरडण्यानं मूल आडवं होत नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. हे त्या बाकावर बसून तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सासूबाईंना जे हवं होतं आणि बाईंना जे शिकवायचं होतं, ते एकाच दिशेचं निघालं. मग वाद कशाला घाला, असं त्यांना वाटलं. चांगल्या हेतूनं गिळलेला शब्द कुठे जाऊन अडकेल, हे गिळणाऱ्याला कधी दिसत नाही.

"पण मावशी, ओरडलं की बरं वाटतं हो," जिन्यापर्यंत पोहोचवायला आलेली काजेवाली हळूच म्हणाली.

"ओरडण्यात श्वास वाया जातो, बाळा. तो बाळासाठी ठेवायचा."

ती शहाण्या मुलीसारखी मान डोलावून परत फिरली. पुढच्या दोन महिन्यांत यंत्रापुढे बसल्या बसल्या, काजामागून काज पाडताना, तिनं हुंकाराचा इतका सराव केला की शेजारच्या यंत्रावरची बाई विचारू लागली, कोणतं गाणं गं हे?

आता ती तीन नंबरवर कुशीवर वळून पडली होती. भिंतीवरचं घड्याळ साडेदहा दाखवत होतं. अकरा खाटा, दोन सिस्टर. डॉक्टरीणबाई पलीकडे शस्त्रक्रियेत अडकलेल्या. बाळाच्या ठोक्यांवर सतत कान ठेवणारं यंत्र कक्षात एकच होतं. जिचं पोट आधी एकदा उघडलेलं आहे, तिला ते लावायचं असा लेखी नियम होता. पण पहाटे दोन नंबरच्या बाईनं असा काही आकांत मांडला की यंत्र तिच्याकडे गेलं, ते तिकडेच राहिलं. काजेवालीच्या बाळाचे ठोके अर्ध्या अर्ध्या तासानं नळी लावून मोजायचं ठरलं. मधला एक अर्धा तास तसाच निसटला.

कळ आली. काजेवालीनं अंगठा मिटला, ओठ मिटले. हुंकार तिच्या पाठीतून बाईंच्या तळव्याला जाणवला. कळ ओसरली. बाईंनी कपाळ पुसलं.

"मावशी."

"बोल."

"कळ जाते, पण एक दुखणं जात नाही. इथं." तिनं ओटीवरच्या जुन्या व्रणावर दोन बोटं ठेवली. "उसवल्यासारखं होतंय."

"होतं असं. श्वास सोड. हळूहळू."

"हे वेगळंय, मावशी."

"बोलू नकोस आता. दम ठेव."

आणि ती बोलली नाही.

पुढच्या वीस मिनिटांत तिचा मिटलेला अंगठा कळ नसतानाही सुटला नाही. बाईंनी ते पाहिलं. त्या उठल्या आणि दोन नंबरच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या मोठ्या सिस्टरजवळ गेल्या. मोठ्या सिस्टरांचा एक हात कागदावर लिहीत होता, दुसऱ्यानं त्या तिथल्या बाईचा पाय धरून होत्या.

"सिस्टर, तीन नंबरची म्हणतेय की कळ नसतानाही दुखतंय. टाक्यापाशी."

"ओरडतेय का?"

"नाही."

"मग झालं तर. येते मी, हिचं डोकं दिसतंय आता." मग वर न बघताच, पण रागानं नव्हे, त्या म्हणाल्या, "आणि बाई, दुखणं कुठलं नि कसलं ते आमच्यावर सोडा. तुमचं कार्ड कोणत्या अटीवर आहे, माहीत आहे ना?"

माहीत होतं. बाई परत येऊन बसल्या. एका वाक्यानं जेवढं धैर्य खर्च होतं, तेवढंच त्यांनी त्या दिवशी बरोबर आणलं होतं.

सव्वाअकराच्या सुमाराला काजेवालीनं एकदम डोळे उघडले. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं.

"थांबलं," ती म्हणाली. "बरं वाटतंय आता."

बाईंनाही बरं वाटलं. हे त्यांनी पुढे स्वतःपासून कधी लपवलं नाही. जोराच्या कळांच्या मधोमध एखादीला अशी उसंत मिळते, ती झोपते, आणि मग नव्या दमानं सुरू होते. त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढली. दोन नंबरला मुलगा झाला. त्याच्या रडण्यानं खोली भरून गेली. काजेवाली ते ऐकून थोडीशी हसली.

"खांदा दुखतोय, मावशी. उजवा," थोड्या वेळानं ती म्हणाली. आवाज इतका सभ्य, जणू पंखा जरा कमी करा म्हणत होती.

बाईंनी खांदा चोळायला हात घातला. कातडं गार होतं, घामानं चिकट. ओठांचा रंग कुठेतरी निघून गेला होता. पोटाकडे नजर गेली, आणि पोटाचा आकार सकाळचा राहिलेला नव्हता. त्या क्षणी सोबतीणबाई ओरडल्या. सात वर्षांत त्या खोलीत त्यांचा चढलेला आवाज कोणी ऐकला नव्हता. आयाबाईंच्या हातून बादली सुटली.

मग सगळे धावले. नळी लावली, काढली, पुन्हा लावली. बाळाचा ठोका सापडला नाही. खाटेची चाकं करकरत दारातून बाहेर पडेपर्यंत बाई बरोबर होत्या. दाराच्या पलीकडे त्यांना परवानगी नव्हती. काजेवालीनं मान वळवून एवढंच विचारलं, "मी ओरडले नाही ना?"

"नाही गं," बाई म्हणाल्या.

जुना व्रण आतून उसवला होता; कळा थांबल्या त्या त्यामुळेच. बाळ आधीच गेलं होतं. एकच्या सुमाराला तीही गेली.

तिसऱ्या दिवशी मोठ्या सिस्टरांनी बाईंना आपल्या खोलीत बोलावलं. खिडकीत वाळत घातलेले रबरी हातमोजे, टेबलावर एक टाइप केलेला कागद. चौकशीसाठी जबानी तयारच होती. बाईंची फक्त सही हवी होती. बाईंनी वाचलं. पाचव्या ओळीत होतं: 'रुग्णाने शेवटपर्यंत कोणतीही तक्रार केली नाही.'

"हे खरं नाही," त्या म्हणाल्या.

"ओरडली होती का ती?"

"ओरडली नाही. पण सांगितलं होतं. मला दोनदा सांगितलं. मी तुम्हाला एकदा सांगितलं."

मोठ्या सिस्टर खुर्चीत बसल्या. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. त्या बाईंच्याच वयाच्या होत्या, आणि आज सलग दुसरी पाळी करत होत्या.

"बाई, मी दगड नाही," त्या म्हणाल्या. "त्या दिवसापासून मी जेवले असेन तर तुम्हीच बघितलं असेल. पण अकरा खाटा आणि आम्ही दोघी. जी ओरडते तिच्याकडे माणूस धावतं. तुम्ही त्यांना गप्प राहायला शिकवलंत. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू? माझी एक खाट कमी झाल्यासारखी वाटायची."

"तेच लिहू या मग."

"लिहा. पण त्याखाली हेही लिहा, की उद्यापासून तीन नंबरजवळ कोण बसणार. वर कागद गेला की पहिलं काय होईल, तर सोबत बंद. उद्याची बाई एकटी पडेल त्या खाटेवर. तिला मीच मारीन कदाचित. माझा हात उठतो, बाई. थकले की उठतो."

एवढं खरं त्या खोलीत कदाचित पहिल्यांदाच कोणी बोललं असेल. सोबतीणबाईंना वाटलं, सही करावी. सात वर्षांत ज्यांच्या गालावर चापट बसली नाही, त्या सगळ्या बाया त्यांच्या पेनापाशी येऊन उभ्या राहिल्यासारख्या झाल्या. त्यांच्या मागे काजेवाली होती. ती काही म्हणत नव्हती.

बाईंनी कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं: 'तिने सांगितले होते. दुखणे वेगळे आहे, असे म्हणाली होती. मीच तिला बोलू नकोस म्हटले. नंतर मी सिस्टरना सांगितले, ते पुरेसे मोठ्याने सांगितले नाही. यंत्र दुसऱ्या खाटेला होते.' खाली सही केली, तारीख घातली.

मोठ्या सिस्टरांनी वाचलं. हात पुढे केला. बाईंनी गळ्यातलं कार्ड काढून त्या हातावर ठेवलं.

त्या कागदाचं पुढे काय झालं, ते कोणाला कळलं नाही. मृत्यूच्या नोंदीत मात्र पहिल्या जबानीतली पाचवी ओळ जशीच्या तशी उतरली. आणि सोमवारपासून प्रसूतिकक्षात बाळंतिणीजवळ बसायला बाहेरच्या कोणालाही मनाई झाली.

आठवड्यानं बाई चार मजले चढून काजेवालीच्या घरी गेल्या. दार उघडंच होतं. बाकावर शेजारपाजारच्या दोघीतिघी, मधे सासूबाई. नवरा भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. त्याच्या मांडीवर मुलगी झोपली होती आणि तिची मान घसरू नये म्हणून त्यानं तळहात तसाच धरून ठेवला होता. धाकटी सगळ्यांना पाणी देत होती. ती पावलं जपून टाकत होती. तिलाही दिवस गेले होते.

"या सोबतीणबाई," सासूबाईंचा आवाज भरून आला. "यांनीच शिकवलं हो तिला. एवढ्या मरणाच्या कळा काढल्या पोरीनं, पण हूं की चूं केलं नाही. सिस्टरसुद्धा म्हणाल्या, अशी सोशिक बाई बघितली नाही. माझ्या सुनेनं शेवटी माझी मान ताठ ठेवली."

शेजारणींनी पदरानं डोळे टिपले. एकीनं धाकटीकडे बघून म्हटलं, "बघ गं, वहिनी शिकवून गेली तुला."

"तेच सांगते मी हिला," सासूबाई म्हणाल्या. "वहिनीचं नाव राख."

बाईंना वाटलं होतं, या घरात खूप राग असेल आणि आपण तो मान खाली घालून घेऊ. इथे त्यांच्यासाठी बाकावर जागा केली जात होती.

त्या बसल्या नाहीत. उभ्याउभ्याच, एका दमात, त्यांनी सगळं सांगितलं. यंत्र, टाका, दोन बोटं, 'बोलू नकोस'. "ती ओरडली असती तर तिच्याकडे कोणीतरी आलं असतं. तिला मी ओरडू दिलं नाही. तिला कोणीच ओरडू दिलं नाही."



"आमच्या कामात," नवरा मुलीच्या केसांकडे बघत म्हणाला, "आतल्या माणसानं घंटा दाबली नाही, तर आम्हाला कळतच नाही कोणी अडकलंय म्हणून." आणि मग त्याचा चेहरा असा काही झाला की बाईंनी नजर दुसरीकडे वळवली.

सासूबाई उठल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या, भ्यालेल्या होत्या. "तुम्ही जा आता," त्या म्हणाल्या. "ती शहाणी होती, सोशिक होती, तिचं नाव निघतंय चार माणसांत. आमच्याकडे तेवढंच राहिलंय. ते कशाला नेता?"

बाई दाराबाहेर पडल्या. त्या जिना उतरू लागल्या. दुसऱ्या मजल्यावर त्यांना मागे पावलं ऐकू आली. धाकटी कठड्याला धरून, एकेक पायरी जपून उतरत खाली आली. हातात रिकामं तांब्याभांडं तसंच होतं.

"मावशी, मलाही तिथेच नाव घालायला सांगितलंय."

"ओरड," बाई म्हणाल्या. "दुखलं की ओरड. काही वेगळं वाटलं तर अख्खा मजला डोक्यावर घे. कोण काय म्हणतं, ते ऐकू नकोस."

"तुम्ही असाल का तिथे?"

"मला आता आत जाऊ देत नाहीत."

धाकटीनं मान हलवली. जिन्याच्या खिडकीतून दुपारचं ऊन तिच्या पायांवर पडलं होतं. वरून आईनं तिला हाक मारली. तिनं ओ दिली नाही.

"एकटीच असेन, ना? आणि ओरडले, आणि त्या मारायला आल्या, तर?" तिनं खालच्या आवाजात, अगदी वहिनीसारख्या सभ्य आवाजात विचारलं. "मग काय करायचं, मावशी?"

वरून दुसरी हाक आली. धाकटी कठडा धरून तशीच उभी राहिली, बाईंच्या तोंडाकडे बघत.